‘चेस’ म्हणजे पाठलागच का? एका शब्दनोंदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा चार जणांचा भाषांतर-गट आहे. इंग्रजीतून मराठीत येणारी मिश्र कामे आम्ही घेतो: एका महिन्यात क्रिकेटवरचे लेख, पुढच्या महिन्यात लेथवर काम शिकणाऱ्यांची पुस्तिका, मधेच एखाद्या संग्रहालयातल्या वस्तूंखालच्या पाट्या. मी भाषा-संपादन करते, म्हणजे मजकुरावरून शेवटचा हात माझा फिरतो. इथे नावे आणि संस्थांच्या खुणा काढून टाकल्या आहेत. बाकी सगळे घडले तसे लिहिले आहे.

इतक्या वेगवेगळ्या कामांत शब्दांचा मेळ राहावा म्हणून आम्ही एक सामाईक शब्दसूची ठेवतो. तिचा नियम साधा होता. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, आणि तो एकदा ठरला की कुलूपबंद. इंग्रजी शब्द आला की संगणक ठरलेला प्रतिशब्द सुचवतो, आणि कुणी वेगळा लिहिला तर त्याखाली लाल रेघ ओढतो. हा नियम आम्ही उगाच केलेला नव्हता. एका जुन्या पुस्तिकेत एकच वस्तू एका पानावर ‘स्क्रू’, दुसऱ्या पानावर ‘मळसूत्र’ आणि तिसऱ्या पानावर ‘आट्याचा खिळा’ झाली होती. शिकणाऱ्या मुलांना त्या तीन वस्तू वाटल्या. त्यानंतर आम्ही नियम घट्ट केला.

‘चेस’ (chase) हा शब्द सूचीत शिरला तो क्रिकेटमधून. २००६ साली जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावांचा पाठलाग करत ९ बाद ४३८ केल्या, त्या सामन्यावरचा लेख होता. तिथे ‘पाठलाग’ इतका चपखल बसतो की दुसरा शब्द सुचतही नाही. धावसंख्या पुढे उभी आहे, संघ तिच्या मागे लागला आहे, आणि तिला गाठायचे आहे. नोंद झाली: चेस म्हणजे पाठलाग. कुलूप लागले.

अडचण

काही महिन्यांनी घरगुती वायरिंगची पुस्तिका आली. तिच्यातले एक वाक्य आमच्याकडून असे बाहेर पडले: ‘भिंतीवर आखून घ्या आणि मग उभा पाठलाग कापा. आडवा पाठलाग शक्यतो टाळा.’

हे वाक्य भाषांतरकाराच्या हातून गेले आणि माझ्याही हातून गेले. लाल रेघ नव्हती, म्हणून नजर पुढे सरकली. कच्चा मजकूर वायरिंग शिकवणाऱ्या एका सरांकडे तपासायला गेला, तेव्हा त्यांचा दोन ओळींचा निरोप आला. ‘मॅडम, भिंतीला झिरी मारतात. पाठलाग कोणाचा करायचा?’

वायर किंवा पाइप भिंतीच्या आत दडवायचा असला की प्लास्टर आणि वीट कापून जी लांब अरुंद खाच काढतात, तिलाही इंग्रजीत ‘चेस’च म्हणतात. कारागीर तिला झिरी म्हणतात. आणि या वाक्यातल्या ‘उभा’ आणि ‘आडवा’ या शब्दांवर भिंतीची मजबुती अवलंबून असते. इंग्लंडमधल्या बांधकाम-मार्गदर्शिकेत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या १/३ पेक्षा आणि आडवी झिरी १/६ पेक्षा खोल नसावी असे सांगितले आहे. म्हणजे २४० मिलिमीटरच्या भिंतीत उभी झिरी ८० मिलिमीटरपर्यंत, पण आडवी फक्त ४०. वरून येणारा भार भिंत तिच्या जाडीवर पेलते. उभी झिरी त्या जाडीतली एक अरुंद पट्टी खाते, तर आडवी झिरी ओळीने सगळ्या विटा पातळ करत जाते. आमच्या वाक्यात हा इशारा होता, पण तो कुणाला कळला नसता.

मी त्याच दिवशी मागच्या सगळ्या कामांत ‘पाठलाग’ शोधला. लेथच्या पुस्तिकेत ‘आट्यांचा पाठलाग करा’ सापडले. कार्यालयीन पत्रांच्या नमुन्यात ‘थकीत बिलाचा पाठलाग’ होता. एका प्रवासलेखात कॅनक चेस या इंग्लंडमधल्या रानाचे ‘कॅनक पाठलाग’ होता होता राहिले होते. सहकाऱ्याने लाल रेघेला न जुमानता मूळ नाव ठेवले, म्हणून वाचले.

मला सगळ्यात जास्त लागले ते संग्रहालयाच्या पाटीवरचे वाक्य. तिथे ‘पाठलाग’ हास्यास्पद दिसला असता, म्हणून भाषांतरकाराने तो काढून ‘कोरीवकाम केलेले चांदीचे भांडे’ असे लिहिले होते. वाचायला अगदी सुरेख आणि अर्थाने साफ चूक. ‘भिंतीचा पाठलाग’ कुणीही पकडेल. ‘कोरीवकाम’ कुणीच पकडणार नव्हते, आणि ती पाटी तोवर लागूनही गेली होती.

पुढे आलेले पर्याय

आम्ही चौघे बसलो. पहिला प्रस्ताव सर्वांत सोपा होता: सगळीकडे ‘चेस’च ठेवायचा. कारखान्यात, छापखान्यात लोक इंग्रजी शब्द वापरतातच. पण देवनागरीत ‘चेस’ म्हणजे बुद्धिबळसुद्धा. इंग्रजीत ते दोन वेगळे उच्चार आहेत, आपल्या लिपीत ते एकाच अक्षरजोडीत येऊन बसतात. शिवाय ज्या कामाला ‘झिरी’सारखा रोजच्या वापरातला शब्द आहे, तिथे तो बाजूला सारून इंग्रजी शब्द घुसडणे मला पटेना. ज्याच्यासाठी पुस्तिका लिहिली त्याच्याच तोंडचा शब्द आपण पुसायचा, हे काही बरोबर नाही.

दुसरा प्रस्ताव विषयवार सूचीचा होता: क्रीडेसाठी एक शब्द, बांधकामासाठी दुसरा. ऐकायला ठीक वाटला, पण एका उदाहरणाशी अडला. जुन्या लढाऊ जहाजांवरच्या एका मजकुरात हा शब्द दोन अर्थांनी येतो. पळणाऱ्या जहाजावर मारा करायला नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, तोफा बसवत, आणि मागून येणाऱ्या शत्रूवर मारा करायला पिछाडीवरही बसवत. त्या पाठलागाच्या तोफा. आणि कोणत्याही तोफेच्या नळीचा जो पुढचा भाग, गाड्यावर टेकणाऱ्या दोन खुंटांपासून तोंडाच्या फुगवट्यापर्यंतचा, त्यालाही ‘चेस’ म्हणतात. विषय एक, वस्तू एक, अर्थ दोन. विषयवार सूची इथे पुन्हा चुकली असती.

तिसरा प्रस्ताव माझा होता. शब्दाचे मूळ शोधायचे आणि मुळाप्रमाणे नोंदी फोडायच्या. तिघांनीही होकार दिला. हा निर्णय चुकला, आणि तो का चुकला हे सांगण्यासारखे आहे.

मुळाच्या मागे गेलेला आठवडा

एका स्पेलिंगखाली निदान दोन घराणी नांदत होती. पहिले पकडण्याचे. लॅटिनमधल्या ‘कापेरे’, म्हणजे पकडणे किंवा घेणे, या धातूवरून ‘काप्तारे’ म्हणजे पकडू पाहणे, आणि त्यावरून जुन्या फ्रेंच वाटेने इंग्रजी ‘चेस’. त्याच शब्दाचे उत्तर फ्रान्सकडचे रूप इंग्रजीत ‘कॅच’ झाले. म्हणजे पाठलाग करणे आणि पकडणे हे इंग्रजीत सख्खे भाऊ आहेत, फक्त वेगळ्या दारांनी घरात आलेले.

दुसरे घराणे पेटीचे. लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी. तिच्यापासून फ्रेंचमार्गे छापखान्यातली ‘चेस’ नावाची चौकट आली. धातूवरच्या नक्षीचा ‘चेस’ हा कोंदणात बसवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा तुटलेला तुकडा आहे, तोही याच पेटीतला. भिंतीतली झिरीसुद्धा याच गोतावळ्यात मोडते. ‘केस’, ‘कॅश’ आणि औषधाची ‘कॅप्सूल’ या पेटीच्याच लेकी.

मला हे फार आवडले. आम्ही आठवडाभर नोंदी दोन खणांत लावत बसलो. आणि मग लेथच्या पुस्तिकेवर काम करणारा सहकारी म्हणाला, ‘ताई, खण झाले दोन, पण मी वाक्यात काय लिहू?’

उत्तर नव्हते. पेटीच्या खणात चौकट, झिरी आणि नक्षी अशा तीन परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी पडल्या होत्या. पकडण्याच्या खणात तर उलटे अर्थ एकत्र होते. चोराच्या मागे धावतात तोही चेस, आणि शेतातली पाखरे उडवून लावतात तोही चेस. एकात जवळ यायचे असते, दुसऱ्यात समोरच्याने दूर जायला हवे असते. मराठीत पाठलाग करणे आणि हाकलणे यांच्यात गफलत होणे अशक्य आहे. इंग्रजीच्या वंशावळीने मराठी वाक्याला काहीच मदत केली नाही. मूळ जाणून घेणे मोलाचे आहे, पण आम्ही ते चुकीच्या कामाला जुंपले होते.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

मग आम्ही प्रश्न बदलला. शब्द कुठून आला हे बाजूला ठेवून, वाक्यात नेमके काय घडते आहे ते विचारायचे ठरले. कुणी पुढे पळते आहे का? कुणाला पळवून लावायचे आहे का? काही कापले जाते, ठोकले जाते, की घट्ट धरून ठेवले जाते? आणि उत्तर मिळेना तिथे पुस्तकात न शोधता ते काम करणाऱ्या माणसाकडे जायचे.

पहिली भेट छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका निवृत्त जुळाऱ्याशी झाली. खिळ्यांची छपाई बंद होऊन काळ लोटला, पण त्यांनी एक लहान चौकट जपून ठेवली आहे. त्यांनी ती माझ्यासमोर सपाट टेबलावर मांडली. मधे जुळवलेल्या ओळी, भोवती लाकडाच्या पट्ट्या, आणि कडेला दोन पाचरी. किल्लीने पाचरी थोड्या थोड्या आवळत गेले, एकदा इकडची, एकदा तिकडची. मग ठोकळा ठेवून वरून हलकेच ठोकले, म्हणजे वर आलेला खिळा खाली बसतो. मग पुन्हा आवळल्या. शेवटी चौकटीचा एक कोपरा बोटभर उचलून खाली बारीकशी पट्टी सरकवली आणि तळहाताने मजकूर दाबून पाहिला.

‘काका, हे कशाला?’

‘एखादा खिळा सैल असला तर आत्ताच खाली घसरतो. यंत्रावर नेताना घसरला तर सगळा फर्मा सांडला म्हणून समजा.’

मी विचारले, याला तुम्ही मराठीत काय म्हणत होता? ते म्हणाले, ‘चेसच. मोकळी असली की चेस, भरून आवळली की फर्मा.’ आम्ही नोंद तशीच केली: छापखान्याची चेस, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘खिळे आवळून धरणारी लोखंडी चौकट’ असा खुलासा. इथे इंग्रजी शब्दच त्या लोकांचा मराठी शब्द आहे.

धातूच्या नक्षीचे काम करणाऱ्या बाईंकडे मी ‘कोरीवकाम’ लिहिलेल्या पाटीचा फोटो घेऊन गेले. त्यांनी भांडे पाहून डोके हलवले. पत्रा राळेच्या थरावर बसवतात. मागच्या बाजूने ठोकून उठाव काढतात, मग पत्रा उलटून पुढून बोथट टोकाच्या अवजाराने रेषा बसवतात. दुसऱ्या कामाला इंग्रजीत चेसिंग म्हणतात. अवजार धारदार नसते, धातू फक्त दबतो. ‘कोरताना धातू निघून जातो, इथे कणभरही जात नाही,’ त्या म्हणाल्या. मी काचेतून पुन्हा पाहिले. रेषेच्या दोन्ही कडा गोलसर होत्या, कापल्याची धार कुठेच नव्हती. सहकाऱ्याने ‘ठोकनक्षी’ असा नवा शब्द सुचवला. मी नको म्हणाले. पाटी वाचणाऱ्याला शब्दाशी झगडायला लावण्यापेक्षा ‘पुढून ठोकून काढलेली नक्षी’ हे चार शब्द बरे.

लेथचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे निघाले. तिथे ‘चेस’ दोनदा येतो. लेथवर आटे एका फेरीत पडत नाहीत. हत्यार पुन्हा पुन्हा फिरवून खोली वाढवत न्यावी लागते, आणि प्रत्येक फेरीला ते आधीच्याच खाचेत उतरले पाहिजे. त्यासाठी लेथवर एक छोटी तबकडी असते. तिची खूण जुळली की हत्याराला चाल देणारा हाफ नट लावायचा. ते आटे पाडणे. दुसरीकडे दुरुस्तीच्या प्रकरणात गंजलेले किंवा चेपलेले आटे साफ करण्यासाठी ‘थ्रेड चेसर’ फिरवायला सांगितले होते. हे अवजार आटे नव्याने कापत नाही, बिघडलेले आटे पुन्हा आकारात आणते. तिथे आम्ही ‘आटे पाडा’ असे लिहिले असते, तर शिकणाऱ्याने टॅप हे आटे कापायचे हत्यार फिरवले असते, टॅपने आणखी धातू कापला असता आणि बोल्ट कायमचा सैल झाला असता. म्हणून दोन नोंदी केल्या: आटे पाडणे, आणि आटे साफ करणे.

बाकीचे भराभर झाले. बिलांसाठी ‘पाठपुरावा करणे’, आणि सूर कडक असेल तर ‘तगादा लावणे’. पाखरे ‘हाकलणे’. क्रिकेटला ‘पाठलाग’ कायम. स्टीपलचेस ही शर्यत नावानिशी ठेवली. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरून ७ उड्या असतात. पूर्वी घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत रानावनातून दौडत, त्यावरून ते नाव पडले.

रियल टेनिस या जुन्या खेळातली ‘चेस’ही तशीच ठेवली, कारण तिला आपल्याकडे जोड नाही. चेंडूचा दुसरा टप्पा जमिनीवर पडला की काही वेळा गुण लगेच कुणालाच मिळत नाही. टप्प्याची जागा रेषांवरून टिपून ठेवतात. खेळाडू बाजू बदलतात, आणि मग प्रतिस्पर्ध्याने दुसरा टप्पा मागच्या भिंतीच्या त्याहून जवळ पाडून तो गुण मिळवायचा असतो. गुण उधारीवर ठेवण्याची ही कल्पना मला इतकी आवडली की खुलासा दोन ओळी लांबला, आणि मी तो कापला नाही.

कॅनक चेसमधल्या ‘चेस’चा अर्थ शिकारीसाठी राखलेले रान. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये असे रान राजाचे असले की ‘फॉरेस्ट’, आणि राजाने सरदाराला किंवा बिशपला दिलेले असले की ‘चेस’. यासाठी ‘रमणा’ हा शब्द पुढे आला. अर्थाने तो खूप जवळचा आहे. पण बहुतेक वाचकांना रमणा म्हटले की दक्षिणा वाटण्याची जागा आठवेल, म्हणून आम्ही ‘शिकारीचे राखीव रान’ लिहिले. यावर आमच्यात अजून दोन मते आहेत.

काय निष्पन्न झाले

वायरिंगची पुस्तिका ‘झिरी’ घेऊनच छापली गेली. लेथच्या पुस्तिकेची सुधारलेली प्रत गेली. संग्रहालयाला आम्ही चूक आमची आहे असे स्पष्ट लिहून कळवले. त्यांनी पाटी बदलली, पण माहितीपत्रके आधीच छापून झाली होती. त्यांत ‘कोरीवकाम’ अजून तसेच आहे.

सूचीत ‘चेस’ची एक नोंद होती तिथे आता दहाहून जास्त आहेत, आणि प्रत्येकीसमोर एक पूर्ण वाक्य आहे. संगणक आता एक शब्द न सुचवता सगळी यादी पुढे ठेवतो. वेग कमी झाला. भाषांतरकाराला थांबून निवडावे लागते. पहिल्या महिन्यात याबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

काय वेगळे करता आले असते

पहिला निसटलेला क्षण क्रिकेटच्या नोंदीचा. नोंद करताना आम्ही ‘धावांचा पाठलाग’ असे पूर्ण लिहिले असते, तर ती भिंतीवर जाऊन बसलीच नसती. नुसता सुटा शब्द टिपला, म्हणून तो कुठेही चिकटला.

दुसरा क्षण माझा. लाल रेघ नाही म्हणजे मजकूर ठीक आहे, असे मी धरून चालले. ‘उभा पाठलाग कापा’ हे वाक्य मी मोठ्याने वाचले असते तरी थांबले असते.

तिसरा, मुळांचा आठवडा. ते वाचन मी पुन्हाही करेन, पण तपासणी लांबवून करणार नाही. त्या आठवड्यात संग्रहालयाशी बोलले असते, तर कदाचित माहितीपत्रके छापण्याआधी थांबवता आली असती.

आणि तपासणारी माणसे आम्ही शेवटी गाठली. सरांकडे कच्चा मजकूर गेला तो करारात तशी अट होती म्हणून. आता कारागिरीच्या कुठल्याही कामात भाषांतर सुरू होण्याआधी त्या कामातल्या एका माणसाला मूळ मजकुरातले शब्द दाखवतो आणि विचारतो, तुम्ही याला काय म्हणता?

त्यांतली एक नोंद अजून रिकामी आहे. तोफेच्या नळीच्या त्या पुढच्या भागाला मराठीत काय म्हणत असतील, हे सांगणारा माणूस आम्हाला मिळालेला नाही. तिथे सध्या ‘खुंटांपासून तोंडापर्यंतची नळी’ असे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि समोरचा रकाना मोकळा सोडला आहे.